चौदा हेक्टरांचा वारसा

फ्रान्समध्ये १९६८ साली झालेल्या कृषिगणनेत एका द्राक्षवाणाखाली साऱ्या देशात मिळून अवघी चौदा हेक्टर जमीन नोंदली गेली. चौदा हेक्टर म्हणजे सुमारे पस्तीस एकर; आपल्याकडील एखाद्या सधन बागाइतदाराच्या एकट्याच्या मालकीत मावेल एवढे हे क्षेत्र. ज्या देशात त्या काळी दहा लाखांहून अधिक हेक्टरांवर द्राक्षवेली उभ्या होत्या, त्या देशात एखादा वाण पस्तीस एकरांवर यावा, याचा अर्थ तो नामशेष होण्याच्या वाटेवर होता एवढाच होऊ शकतो. त्या वाणाचे नाव व्हियोन्ये. आज तोच वाण एकट्या फ्रान्समध्ये हजारो हेक्टरांवर उभा आहे आणि समुद्रापलीकडच्या देशांतही पोहोचला आहे. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले, कोणी घडविले आणि कोणत्या उपायांनी घडले नाही, हा या लेखाचा विषय आहे.

अध्यापक आणि साहित्यप्रेमी यांच्यासाठी चालणाऱ्या या पत्रिकेत वाईनचा इतिहास कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आम्ही मद्यपानाचे पुरस्कर्ते नाही आणि तिच्या चवीचे जाणकार असल्याचा आमचा दावाही नाही. परंतु ज्या वस्तूभोवती एखाद्या समाजाची शेती, कायदा, कुटुंबव्यवस्था आणि अभिमान शतकानुशतके गुंफले गेले, ती वस्तू इतिहासाच्या अभ्यासकाला वर्ज्य असू शकत नाही. आपल्या पूर्वसूरींनाही ती वर्ज्य नव्हती. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून त्याचे प्रकार सांगितले आहेत. आणि रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे सैनिक द्राक्षवेलींनी वेढलेल्या भूमीवर त्याच मधूने आपला शीण घालवितात.

पुढील विवेचनात ‘कोरडी वाईन’ हा शब्दप्रयोग वारंवार येणार आहे. त्याचा अर्थ आरंभीच स्पष्ट केलेला बरा. द्राक्षाचा रस आंबू लागला की किण्वाचे सूक्ष्म जीव त्यातील साखर खाऊन तिचे मद्यार्कात रूपांतर करतात. एक लिटर रसातील सुमारे सतरा ग्रॅम साखर खर्ची पडली म्हणजे मद्यार्काचे प्रमाण शेकडा एकाने वाढते. ही क्रिया मध्येच थांबली तर साखर शिल्लक राहते आणि वाईन गोड होते; शेवटास गेली तर साखर जवळजवळ उरत नाही. अशा वाईनला ‘कोरडी’ म्हणतात. गोडी हा पुष्कळ दोषांवर पांघरूण घालणारा गुण आहे. कोरड्या वाईनला ते पांघरूण नसते; जमीन, वाण आणि श्रम यांत जे असेल ते तीत उघडे पडते.

आता स्थळाकडे वळू. ल्यों शहराच्या दक्षिणेस ऱ्होन नदीच्या काठी व्हिएन नावाचे प्राचीन रोमन नगर आहे. तेथून दहाबारा किलोमीटर खाली, नदीच्या उजव्या तीरावर, काँद्रियो हे गाव लागते. हे एके काळी नावाड्यांचे गाव होते. ऱ्होनच्या वेगवान प्रवाहातून माल नेणारे काँद्रियोचे नावाडी त्या मुलुखात प्रसिद्ध होते. गावाच्या पाठीशी ग्रॅनाइट दगडाचा डोंगर एकदम उभा राहतो. नदी येथे वळण घेते, त्यामुळे उताराची तोंडे दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे वळली आहेत. ऊन भरपूर मिळते आणि उत्तरेकडून येणारा बोचरा वारा अडतो. द्राक्षाला हवे ते सारे येथे आहे. माणसाला हवे ते मात्र फारसे नाही. उतार इतका तीव्र की बैल काय आणि यंत्र काय, दोघांनाही तेथे पाय रोवता येत नाही. झिजलेल्या ग्रॅनाइटची भुसभुशीत माती प्रत्येक मोठ्या पावसासरशी खाली वाहून येते. ती अडविण्यासाठी चुन्यामातीवाचून रचलेले दगडी बांध घालावे लागतात. कोकणात आणि गोव्यात ज्याला गडगा म्हणतात, त्याच जातीची ही रचना. दोन गडग्यांमधील पट्टीत वेलीच्या दोनचार ओळी मावतात. गडगा ढासळला की माती जाते, आणि माती गेली की वेल जाते. वाहून आलेली माती टोपलीत भरून पाठीवरून पुन्हा वर नेणे हे येथील शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होते.

व्हियोन्ये येथे कोठून आली याविषयी एक आवडती आख्यायिका सांगितली जाते. रोमन सम्राट डोमिशियन याने इसवी सन ९२ च्या सुमारास प्रांतांतील द्राक्षवेली उपटण्याचा हुकूम काढला होता. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस प्रोबस या सम्राटाने ते निर्बंध उठविले आणि डाल्मेशियातून ही वेल काँद्रियोस आणविली, असे ती आख्यायिका सांगते. सम्राटाच्या हातून आरंभ झाला म्हणजे वंश थोर ठरतो, ही समजूत सर्वत्र सारखीच आहे. या प्रदेशात रोमन काळी द्राक्षे होती यात संशय नाही. व्हिएनच्या परिसरातील डांबरासारख्या स्वादाच्या वाईनचा उल्लेख प्लिनीने केला आहे. परंतु आधुनिक आनुवंशशास्त्राने या आख्यायिकेला आधार दिलेला नाही. व्हियोन्ये आणि मोंदूझ ब्लांश या दोन वाणांत जन्यजनकसंबंध असल्याचे आढळले. आणि शेजारच्या कोत-रोतीच्या उतारांवरील प्रसिद्ध काळे द्राक्ष सिरा हे त्याच मोंदूझ ब्लांशचे अपत्य असल्याचे १९९८ साली जाहीर झाले. म्हणजे दूरच्या देशांतून आणल्याच्या कथा ज्यांच्याविषयी सांगितल्या जात, ती ही दोन द्राक्षे आल्प्स आणि ऱ्होन यांच्या आसपासच्या एकाच घराण्यातील निघाली. सम्राटाची देणगी म्हणून मिरविलेली वस्तू प्रत्यक्षात शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी निवडून जपलेली होती. आमच्या मते यात तिची थोरवी कमी न होता वाढतेच.

या मुलुखाच्या मध्यभागी शातो-ग्रिये नावाची एक वाडी आहे. उघड्या नाट्यगृहासारखा अर्धवर्तुळाकार डोंगर, त्यावर गडग्यांच्या अरुंद पायऱ्या आणि पायथ्याशी जुने घर, असे तिचे रूप आहे. सुमारे साडेतीन हेक्टरांच्या या एका बागेला फ्रान्समध्ये स्वतंत्र उगमनामाचा अधिकार आहे, म्हणजे तिचे नाव दुसऱ्या कोणालाही लावता येत नाही. साऱ्या देशात एकाच मालकाच्या हाती असलेली अशी उगमनामे मोजकीच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही वाडी एकाच घराण्यात राहिली. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने मुलांना वारशाचा समान हक्क दिला आणि त्यामुळे फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यांचे तुकड्यांमागून तुकडे पडत गेले, हे लक्षात घेतले म्हणजे एवढीशी जमीन एकसंध राखणे किती कठीण होते ते कळते.

या वाईनची स्तुती नव्हती असे नाही. टॉमस जेफरसन हे अमेरिकेचे फ्रान्समधील वकील असताना १७८७ च्या मार्च महिन्यात या वाटेने दक्षिणेकडे गेले. त्यांच्या प्रवासाच्या टिपणांत काँद्रियोच्या पांढऱ्या वाईनची, आणि तीत श्रेष्ठ म्हणून शातो-ग्रियेची नोंद आहे. विसाव्या शतकात क्युर्नोन्स्की या विख्यात भोजनरसिकाने फ्रान्सच्या सर्वोत्तम पाच पांढऱ्या वाईनांत शातो-ग्रियेची गणना केली. व्हिएन येथे फर्नां प्वाँ (१८९७ ते १९५५) या आचार्याचे ‘ला पिरामिद’ हे भोजनगृह देशभर गाजत होते. तेथील पानावर काँद्रियो आणि शातो-ग्रिये यांना मानाचे स्थान होते. राष्ट्राध्यक्ष व्हावयाच्या माणसाची प्रशस्ती, रसिकाग्रणीचे मानपत्र आणि देशातील नामांकित भोजनगृहाचा आश्रय, हे सारे या वाईनला लाभले. तरी वेली कमीच होत गेल्या.

त्या का कमी झाल्या? पहिला घाव फिलॉक्सेराचा. वेलीच्या मुळांतील रस शोषणारा हा सूक्ष्म कीटक अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फ्रान्समध्ये शिरला. १८६३ च्या सुमारास दक्षिण ऱ्होनच्या खोऱ्यात वेली सुकू लागल्या; १८६८ साली माँपेलिएच्या प्लांशाँ प्रभृती अभ्यासकांनी रोगाचे कारण ओळखले. पुढील काही दशकांत हा कीटक जवळजवळ साऱ्या देशभर पसरला. अमेरिकन वेलीची मुळे त्याला दाद देत नाहीत असे आढळल्यावर अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करण्याचा उपाय रूढ झाला. हा उपाय रामबाण होता, पण त्याचा अर्थ प्रत्येक बाग मुळापासून उपटून नव्याने लावणे असा होता. सपाटीवरच्या शेतकऱ्याने ते केले. ज्याची जमीन पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर टांगलेली, त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला : हा खर्च आणि हे श्रम पुन्हा करावयाचे कशासाठी?

दुसरा घाव पहिल्या महायुद्धाचा. १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक कामी आले. त्यांत खेड्यांतील तरुणांचा भरणा मोठा होता. गडगे रचणारे हात घटले; जे उरले त्यांना ल्यों आणि व्हिएनच्या आसमंतातील कारखान्यांनी बोलाविले. तेथे महिन्याचा पगार होता, गारपिटीचे भय नव्हते. जे गावातच राहिले त्यांनी सपाटीवर भाजीपाला आणि जर्दाळू लावले. त्यांत व्हियोन्ये मुळातच लहरी. तिची फुलगळ फार, उत्पन्न थोडे. तिचा सुगंध द्राक्ष पूर्ण पिकल्यावरच उमलतो. चार दिवस आधी तोडले तर गंध नाही. चार दिवस उशीर झाला तर ताजेपणा नाही. अशा पिकावर कुटुंब पोसणे दुरापास्त होते. ज्यांनी वेली सोडल्या त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही.

यानंतरचा भाग आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. फिलॉक्सेरानंतरच्या टंचाईत बनावट मालाचा सुळसुळाट झाला होता. कोणत्याही गावच्या रसाला नामांकित गावाचे नाव लावून विकले जाई. त्याविरुद्ध उत्पादकांनी दीर्घकाळ झगडा केला आणि १९३५ साली फ्रान्सने उगमनामांच्या रक्षणाचा कायदा केला. अमुक नाव लावावयाचे तर द्राक्षे अमुक सीमेतली, अमुक वाणाची आणि अमुक मर्यादेतील उत्पन्नाची असली पाहिजेत, असा दंडक झाला. शातो-ग्रियेला हा अधिकार १९३६ साली मिळाला. काँद्रियोला तो १९४० साली, फ्रान्सच्या पराभवाच्या वर्षी, मिळाला; त्या वेळी त्याची सीमा काँद्रियो, व्हेरँ आणि सँ-मिशेल या तीन गावांपुरती होती. म्हणजे १९४० नंतर काँद्रियोचे नाव चोरण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आणि त्याच कायद्याच्या छायेत, अठ्ठावीस वर्षांनी झालेल्या गणनेत, व्हियोन्ये चौदा हेक्टरांवर आलेली दिसते. कायद्याने नाव राखले; वेल राखली नाही. राखणे हे त्याचे कामच नव्हते. नावाला कुंपण घालता येते, पण कुंपणाच्या आत खड्डा खणून रोप लावणारा कोणी तरी लागतो.

असा मनुष्य काँद्रियोला लाभला. ज्या वर्षी काँद्रियोला हा अधिकार मिळाला त्याच १९४० साली फ्रान्सिस व्हेर्ने या शेतकऱ्याने व्हेर्नोंच्या उतारावर सुमारे एक हेक्टर जमिनीत व्हियोन्ये लावली होती. त्यांचा मुलगा जॉर्ज याने १९५३ साली कारभार हाती घेतला. तो काळ शेजारी वेली सोडून जाण्याचा होता. जॉर्ज व्हेर्ने यांनी उलट दिशेने पाऊल टाकले. ओसाड पडलेले उतार साफ करणे, ढासळलेले गडगे उभे करणे, पुन्हा लागवड करणे, असा उद्योग त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. सुमारे तीस वर्षे ते तेथील उत्पादकांच्या संघाचे अध्यक्ष होते. स्वतःची बाग वाढविताना इतरांनाही लागवडीस प्रवृत्त करणे हे त्यांनी आपले काम मानले. एकट्याची बाग टिकली आणि गाव ओसाड झाला तर काँद्रियो हे नाव निरर्थक होईल, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे. २०१७ साली ते वारले. तत्पूर्वी, १९९० च्या दशकातच, त्यांची कन्या क्रिस्तीन हिने अध्यापनाचा व्यवसाय सोडून बागेचा भार उचलला होता. आमच्या अध्यापक वाचकांना या गोष्टीचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

येथे परंपरेविषयी एक सूक्ष्म मुद्दा नोंदविला पाहिजे. आज काँद्रियो म्हटले की कोरडी पांढरी वाईन डोळ्यांसमोर येते आणि तीच तेथील सनातन रीत असावी असे वाटते. वस्तुतः एके काळी काँद्रियोची वाईन पुष्कळदा गोडसर असे. साखर शिल्लक ठेवलेली ही वाईन ताजेपणीच जवळपासच्या गावांत खपून जाई. शातो-ग्रिये कोरडी, पण सबंध काँद्रियोने कोरडेपणा पत्करला तो बव्हंशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ज्या पिढीने वेल वाचविली, तिच्याच काळात वाईनचे रूपही पालटले. वाण तोच, उतार तेच, गडगे तेच. पण त्यांतून काढावयाचे काय, याचा निर्णय नव्या पिढीने केला. जी परंपरा केवळ जशीच्या तशी ठेवण्याचा अट्टहास धरते ती बहुधा संग्रहालयात जाते. मूळ कशात आहे आणि रूप कशात आहे, हा विवेक ज्यांना साधतो त्यांच्या हातून परंपरा जिवंत राहते.

पुढील हकीकत उत्कर्षाची आहे. १९६७ साली काँद्रियोची सीमा वाढवून सात गावांपर्यंत नेण्यात आली. १९८० नंतर मागणी वाढली, तरुण मंडळी उतारांवर परतली, आणि आज या उगमनामाखाली सुमारे दोनशे हेक्टर जमीन आहे. व्हियोन्ये दक्षिण फ्रान्सच्या सपाटीवर गेली, कॅलिफोर्नियात गेली. ऑस्ट्रेलियाच्या ईडन व्हॅलीत १९८० साली तिची लागवड झाली. आपल्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या परिसरातही ती रुजली आहे. चौदा हेक्टरांवरची वेल आता नामशेष होण्याचे भय उरले नाही. परंतु उत्कर्षाबरोबर नवे प्रश्नही आले. सपाटीवर यंत्राने पिकविलेली व्हियोन्ये स्वस्त मिळते. मग पाठीवरून माती वाहून पिकविलेल्या द्राक्षाला अधिक मोल कोणी आणि का द्यावे? आणि शातो-ग्रिये? पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ एका घराण्यात राहिलेली ती वाडी २०११ साली फ्रान्सवा पिनो या धनाढ्य उद्योगपतीच्या समूहाने विकत घेतली. बाग उभी आहे, नाव तेच आहे, निगाही उत्तम राखली जाते. फक्त ती आता कोण्या कुटुंबाच्या उपजीविकेची जमीन राहिली नाही. याला रक्षण म्हणावे की अंत, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो.

हा इतिहास वाचताना आमचे मन वारंवार आपल्या घराकडे वळले, हे कबूल केले पाहिजे. बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्या आम्हां मंडळींची मराठी ही अशीच उतारावरची बाग आहे. पूर्वजांनी परक्या मुलुखात गडगे रचून ती लावली; ग्रंथालये काढली, शाळा काढल्या, नाट्यमंडळे चालविली. तिची स्तुती करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला, तेव्हा आमच्या गावीही सभा झाली, भाषणे झाली, पेढे वाटले गेले. त्या आनंदात आम्हीही मनापासून सहभागी होतो आणि त्या सन्मानाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. काँद्रियोलाही १९४० साली असाच सन्मान मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत आल्यावर आम्ही पहिलीच्या मराठी वर्गाचा हजेरीपट उघडला. सगळी नावे एका पानावर मावत होती आणि पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. पालकांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. काँद्रियोच्या शेतकऱ्याप्रमाणे त्यांनाही संसार चालवावयाचा आहे. पण त्या कोऱ्या अर्ध्या पानावर पुढील जून महिन्यात चार नावे अधिक यावीत म्हणून घरोघर जाणे, हे काम कोणताही दर्जा आमच्यासाठी करणार नाही. चौदा हेक्टर हा आकडा पाहून ज्या वेळी सुज्ञ माणसांनी हिशेब मिटविला असता, त्या वेळी एका शेतकऱ्याने फावडे उचलले. फरक पडला तो तेथे.